सांकेतिक भाषेचा दुभाषी व्हायचंय? पहिल्या कामाआधी एवढं करा

मी दुभाष्याचं पहिलं काम नवव्या वर्षी केलं आणि ते पार चुकवलं. थोरला भाऊ जन्मापासून बधिर. अठरा पूर्ण झाल्यावर त्याचं बँकेत खातं उघडायचं होतं आणि वडिलांनी मला सोबत धाडलं. काउंटरवरच्या साहेबांनी काही विचारलं की मी दादाकडे न बघताच उत्तर द्यायचो. गाव, पत्ता, शिक्षण, सगळं मला पाठ होतं. फॉर्म भरून झाला, साहेबांनी पाठ थोपटली, शिपाईकाकांनी पेढा दिला. बाहेर आल्यावर दादाने हाताच्या खुणेने एवढंच विचारलं, ‘खातं तुझं की माझं?’

आता या कामात येऊ बघणाऱ्या मुलामुलींना मी हा प्रसंग आधी सांगतो. ‘मला बधिर लोकांची मदत करायची आहे’ असं म्हणत जो येतो, तो बहुतेक वेळा पेढा घेऊन घरी जातो. बोलणं ज्याचं आहे त्याच्याकडेच राहिलं पाहिजे. पुढे जे काही सांगतोय, ते सगळं एवढ्यासाठीच.

पहिली पायरी : कोणती भाषा शिकताय ते समजून घ्या

‘ही भाषा जगभर एकच असते ना?’ हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी विचारणार आहे. नाही, एक नसते. अमेरिकेतल्या बधिरांची वेगळी, ब्रिटनमधल्यांची वेगळी, आपली भारतीय सांकेतिक भाषा वेगळी. अमेरिकन भाषेत इंग्रजी मुळाक्षरं एका हाताने दाखवतात, आपल्याकडे दोन हातांनी. मोबाइलवर व्हिडिओ बघून एका हाताची एबीसीडी घोटून आलेली दोन-तीन मुलं दर नव्या तुकडीत असतात. ती विसरण्यात त्यांचा पहिला महिना जातो.

ही मराठीची हातांनी केलेली नक्कलही नाही. तिला तिचं व्याकरण आहे. प्रश्नाची खूण शेवटी येते. ‘काय, कोण, कुठे, केव्हा’ यांच्या मुळाशी एकच सर्वसाधारण प्रश्नखूण असते. तिच्या जोडीला चेहऱ्याची खूण आली की ‘कोण’, जागेची आली की ‘कुठे’, वेळेची आली की ‘केव्हा’. नकारही शेवटी येतो. भुवया, गाल, मान यांना लोक अभिनय समजतात, पण ते व्याकरण आहे. भुवया जागच्या जागी ठेवून ‘तू जेवलास’ अशी खूण केलीत तर समोरचा म्हणेल, ‘हो का? मला तर आठवत नाही.’ तुम्ही विचारलंच नाहीत, सांगितलंत.

दुसरी पायरी : वर्गात शिका, पण वर्गात थांबू नका

रीतसर मार्ग म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा दुभाषा पदविका, जिला सगळे ‘डिस्ली’ म्हणतात. बारावी झालेल्यांसाठीचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालतो. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र ही यातली मुख्य संस्था. आपल्याकडे मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. पदविकेनंतर पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवा. सरकारी कामासाठी तो नोंदणी क्रमांक विचारतातच. ज्यांचे आईवडील किंवा भावंडं बधिर आहेत, ज्यांची भाषा घरातच तयार झालीय, अशांसाठी वेगळी कौशल्य-चाचणीही आहे. माझ्यासारखे ‘मला येतंच की’ म्हणत वर्षानुवर्षं फिरणारे खूप आहेत. त्यांनी ती देऊन मोकळं व्हावं.

दिल्लीच्या केंद्राने तयार केलेला शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजारांवर गेला. त्याचे व्हिडिओ फुकट बघता येतात. कायदा, वैद्यक, शेती अशा विषयवार खुणा त्यात आहेत. रोज दहा खुणा बघा. मात्र शब्दकोश पाठ करून जसं कुणी मराठी बोलायला शिकत नाही, तसंच इथेही आहे.

खरी भाषा मिळते बधिर माणसांच्या घोळक्यात. बहुतेक मोठ्या शहरांत बधिरांच्या संघटना आहेत. त्यांच्या कॅरमच्या, क्रिकेटच्या स्पर्धा होतात, वर्धापनदिन होतात. तिथे जा, खुर्च्या मांडा, चहा वाटा आणि निदान सहा महिने दुभाष्याचं नाव काढू नका. नुसतं बघा. १८८० मध्ये इटलीतल्या मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने बधिर मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवावं असा ठराव केला. त्याची सावली आपल्या कर्णबधिर विद्यालयांवर फार काळ राहिली. वर्गात हात बांधलेले आणि वसतिगृहात रात्री दिव्याखाली गप्पा, अशीच कित्येकांची भाषा वाढली. म्हणून एका शाळेच्या मुलांची ‘रविवार’ची खूण दुसऱ्या शाळेपेक्षा वेगळी निघते. नागपूरचा माणूस आणि कोल्हापूरचा माणूस एकमेकांना हसत हसत सुधारतात, आणि तुम्हाला दोन्ही खुणा ठाऊक असाव्या लागतात.

तिथेच कधीतरी तुम्हाला नावाची खूण मिळेल. ती स्वतः ठरवायची नसते. मला भुवईवरच्या व्रणावरून मिळाली. एका मैत्रिणीला सारखं नाक चोळायच्या सवयीवरून मिळाली, आणि ती अजून चिडते.

तिसरी पायरी : मराठी पक्की करा

हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. नवखा दुभाषी अडतो तो खुणेवर कमी आणि मराठीवर जास्त.

‘आपण’ हा शब्द घ्या. ‘आपण उद्या या’ म्हणजे तुम्ही. ‘आपण उद्या जाऊ’ म्हणजे मी आणि तुम्ही. ‘आपण काय, गरीब माणसं’ म्हणजे फक्त मी. खुणेत सर्वनाम बोटाने दाखवायचं असतं, आणि बोट एकाच दिशेला जातं. पुढचं क्रियापद येईपर्यंत तुम्हाला थांबावंच लागतं.

‘परवा’ तसाच. परवा आला होता, परवा येणार आहे. मराठीला एकच शब्द पुरतो, पण खुणेत मागचा दिवस खांद्याच्या मागे जातो आणि पुढचा समोर. घाईत मी एकदा कार्यालयाची तारीख मागे टाकली. समोरची बाई घाबरली, ‘म्हणजे मुदत गेली?’

आकडे तर परीक्षाच बघतात. पावणेदोनशे म्हणजे १७५, सव्वातीन हजार म्हणजे ३,२५०, अडीच टक्के, दीडपट. ऐकताना मनात आकडा मांडून मगच हात उचला. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचा तुमच्या मनात क्षणभरही गोंधळ होत असेल तर लाजू नका, खिशात छोटी वही ठेवा. मी अजूनही आकडा लिहून घेतो आणि लागला तर कागदच समोर धरतो.

दवाखान्यातली ‘मावशी’ म्हणजे आईची बहीण नाही आणि ‘सिस्टर’ म्हणजे कुणाचीच बहीण नाही. हे विनोदासाठी सांगत नाही. एका शिकाऊ मुलीने ‘मावशींना विचारा’ याची खूण आईच्या बहिणीची केली आणि पेशंट नातेवाईक शोधत व्हरांड्यात गेली.

सगळ्यात अवघड शब्द आहे ‘बघू’. कार्यालयात साहेब ‘बघू, पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात. ऐकू येणाऱ्याला सुरावरून कळतं की काम होणार नाही. बधिर माणसाला सूर मिळत नाही, तो तुमच्या चेहऱ्यावरून मिळायला हवा. साहेबांचा चेहरा कोरा, नजर फाइलमध्ये, तर तुमचाही चेहरा तसाच. ‘साहेब टाळतायत’ असं सांगायचं नाही, कारण ते साहेबांनी म्हटलेलं नाही. पण टाळाटाळ ज्या रूपात तुमच्यापर्यंत पोचली, त्याच रूपात पुढे गेली पाहिजे. याला वर्षं लागतात, आणि मलाही दर वेळी जमतं असं नाही.

चौथी पायरी : पहिलं काम निवडून घ्या

शाळेतली पालकसभा, बचतगटाची बैठक, एखादं प्रशिक्षण, बँकेतलं काम इथून सुरुवात करा. शक्यतो अनुभवी माणसाच्या जोडीला दुसरे म्हणून बसा. पोलीस ठाणं, न्यायालय, मानसोपचार आणि मुलांवरच्या अत्याचाराची प्रकरणं पहिली दोन वर्षं घेऊ नका. फोनवर कुणी ‘दुसरं कुणीच मिळत नाहीये हो’ म्हणेल. तरीही नाही. अर्धवट दुभाष्यामुळे बिघडलेला जबाब पुढे कुणालाच नीट करता येत नाही.

तरी कायदा आतापासून माहीत असू द्या, कारण काम बरंचसं त्याच्यामुळेच निर्माण झालंय. त्यातला एक म्हणजे दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२५ सांगतं की साक्षीदार तोंडी बोलू शकत नसेल तर न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्या जबाबाचं चित्रीकरण करायचं. ही तरतूद जुन्या पुरावा कायद्यात २०१३ सालीच आली होती. तुमचा प्रत्येक हात कॅमेऱ्यात राहतो, हे लक्षात घ्या.

नवख्यांना फारसं माहीत नसलेली एक गोष्ट पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, अनुवादक, विशेष शिक्षक यांची नोंदवही ठेवायची असते. तुमची तयारी झाली की तिथे जाऊन नाव द्या. दुभाष्याने काहीही न घालता, न गाळता सांगावं आणि हितसंबंध असेल तर आधीच उघड करावा, हे त्याच नियमांत लिहिलेलं आहे. मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी असू नये, हेही आहे. कुणी ‘समाजसेवा आहे ही’ म्हणालं तर हे नम्रपणे दाखवा.

आणखी एक. खेड्यात कधी शाळेतच न गेलेला बधिर माणूस भेटेल. त्याला भारतीय सांकेतिक भाषा येत नाही. घरच्यांशी बोलायच्या त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. तिथे तुमची पदविका कामाची नाही. अशा वेळी स्वतः बधिर असलेला दुभाषी मागवा. तो त्या माणसाच्या खुणा पकडतो आणि तुम्हाला प्रमाण भाषेत देतो, तुम्ही मराठीत सांगता. हे मागायला लोक कचरतात, ‘मला येत नाही’ असं वाटेल म्हणून. माझ्या दादाने हे काम केलंय, आणि जे मला तासाभरात कळलं नाही ते त्याला पाच मिनिटांत कळलं.

पाचवी पायरी : आदल्या दिवसाचा फोन

काम ठरलं की बोलावणाऱ्याला विचारून घ्या : विषय काय, किती वेळ, किती माणसं, बधिर व्यक्ती कुठल्या शाळेची, कागद आधी मिळतील का, जोडीला दुसरा दुभाषी आहे का. तासाभरापेक्षा मोठं काम असेल तर दुसरा लागतोच. वीसेक मिनिटांनी मेंदू घसरायला लागतो, आणि वाईट म्हणजे ते आपल्याला कळत नाही. हात चालू राहतात, अर्थ गळत जातो. दुसऱ्याने आरामात बसायचं नसतं. सुटलेला आकडा, अनोळखी नाव हळूच पुरवायचं असतं.

उजेडाबद्दल मुद्दाम विचारा. एका कारखान्यातल्या सुरक्षा प्रशिक्षणात पडद्यावर चित्रं दाखवायला दिवे घालवले आणि माझ्यासकट माझे दोन्ही हात अंधारात गेले. वक्ता आगीबद्दल बोलत होता. मी उठून एक दिवा लावला, सगळ्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं, आणि मी दिवा तसाच ठेवला.

कपडे एका रंगाचे, आपल्या कातडीहून उठून दिसणारे. चौकडा नको, पट्टे नकोत. अंगठ्या, खळखळणाऱ्या बांगड्या, चमकणारी नेलपॉलिश नको. साडी चालते, पण पदर पिन करून. खिडकीकडे पाठ करून कधी उभे राहू नका, समोरच्याला फक्त काळी आकृती दिसते.

सहावी पायरी : कामाच्या जागी

बधिर व्यक्तीच्या समोर, आणि बोलणाऱ्याच्या शेजारी किंचित मागे बसा. म्हणजे तिला डॉक्टरही दिसतात आणि तुम्हीही. सुरुवातीला दोनच वाक्यं : ‘मी दुभाषी आहे. तुम्ही यांच्याशी थेट बोला, मी जसंच्या तसं सांगेन.’ तरी डॉक्टर तुमच्याकडेच बघून म्हणतील, ‘ह्यांना विचारा, कधीपासून दुखतंय.’ मग तुम्ही बधिर व्यक्तीकडे बघत राहा. तुमची नजर मिळत नाही म्हटल्यावर डॉक्टरांची नजर आपोआप तिकडे वळते.

बोलायचं नेहमी ‘मी’ म्हणून. ‘त्या म्हणतायत की त्यांना’ असं नाही. एका ग्रामीण रुग्णालयात माझ्या तोंडून निघालं, ‘मला तीन आठवडे झाले, पाळी आलेली नाही.’ डॉक्टर नवीन होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सिस्टरकडे, मग लिहायचं थांबले. बाई खुदकन हसल्या आणि वातावरण एकदम सैल झालं. हा अवघडलेपणा दोन मिनिटांचा असतो. ‘मी’ सोडून ‘त्या’वर आलात की मात्र अख्खं संभाषण तुमचं आणि डॉक्टरांचं होतं, बाई बाजूला पडतात.

माझी एक चूक सांगतो. डॉक्टर म्हणाले, ‘उद्या रक्त तपासायचंय, उपाशीपोटी या.’ मी ‘न खाता या’ अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी बाई चहा पिऊन आल्या, कारण चहा हे काही खाणं नव्हे. तपासणी गेली, चाळीस किलोमीटरची एसटी फुकट गेली. तेव्हापासून अशा शब्दाचा मी पूर्ण उलगडा करतो : रात्री जेवण, मग झोप, सकाळी चहा नाही, बिस्किट नाही, आधी इथे, रक्त, त्यानंतर खाणं. पाण्याचं काय, हे डॉक्टरांना विचारून घेतो, आपल्या मनाने ठरवत नाही. आणि त्या दिवशी डॉक्टर बाईंवर चिडले तेव्हा मी मधे म्हणालो, ‘चूक दुभाष्याची आहे, पेशंटची नाही.’ मग हेच वाक्य खुणेनेही सांगितलं. आपलं स्वतःचं बोलणं असेल तेव्हा ‘दुभाषी’ असा तिसऱ्या माणसासारखा उल्लेख करायचा, नाहीतर ‘मी’ कोण याचा घोळ होतो.

न्यायालयात हीच रीत जास्त कडक पाळायची. ‘त्या रात्री तुम्ही तिथे नव्हता, हे खरं नाही ना?’ असा प्रश्न आला तर त्याचं ‘हो’ म्हणजे काय, हे मराठीतही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. अंदाजाने सरळ करून विचारू नका. ‘दुभाष्याला प्रश्न सोप्या वाक्यात हवा आहे’ असं न्यायाधीशांना सांगा.

सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील सर्वोच्च न्यायालयात सौरव रॉयचौधुरी या दुभाष्यामार्फत उभ्या राहिल्या. ऑनलाइन सुनावणीत दुभाष्याची खिडकी सतत चालू ठेवायला आधी नकार मिळाला, मग सरन्यायाधीशांनी परवानगी दिली. ऑनलाइन काम घेताना पहिल्या मिनिटाला मागायचं ते हेच : माझा चौकोन पडद्यावर कायम आणि मोठा ठेवा.

नातेवाईकांचं काय करायचं? ‘तिला हे सांगू नका’ असं सासूबाई तुमच्या कानाशी म्हणतील. तेही खुणेने सांगा. पहिल्यांदा फार अवघड जातं, म्हणून मी सुरुवातीलाच बजावून ठेवतो की खोलीत जे ऐकू येईल ते सगळं मी सांगणार. त्यानंतर ज्यांना कुजबुजायचं असतं ते आपोआप बाहेर जातात.

सातवी पायरी : पैसे आणि तोंड

दर तासावर नव्हे, अर्ध्या दिवसावर किंवा पूर्ण दिवसावर ठरवा. न्यायालयात दहाला बोलावतात आणि पुकारा चारला होतो. प्रवासखर्च वेगळा, चित्रीकरण नंतर कुठे वापरणार असतील तर त्याची परवानगी आणि मोबदला वेगळा. हे सगळं व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्या. बिल बोलावणाऱ्या संस्थेच्या नावाने काढा, बधिर व्यक्तीच्या नावाने नाही.

बधिरांचं जग लहान असतं. तुम्ही सकाळी ज्याच्या घटस्फोटाच्या समुपदेशनात बसलात, तो संध्याकाळी कॅरमला तुमच्या समोर असतो, आणि त्याचा मेव्हणा शेजारच्या टेबलावर. कुणी विचारलं, ‘आज कुठे होतास?’ तर उत्तर ‘कामावर’. कुठल्या, ते नाही. नाव न घेता सांगितलेला किस्साही दोन दिवसांत पत्ता शोधतो. म्हणूनच वर सांगितलेल्या गोष्टींत गावं नाहीत, आणि बाईंचा प्रसंग सांगायला बाईंनीच परवानगी दिली आहे. त्या तो माझ्यापेक्षा फार चांगला रंगवून सांगतात.

वहीत लिहिलेले आकडे, नावं, तारखा तिथेच, समोरच्यांच्या देखत फाडा. बिलावर ‘दुभाषी सेवा, अर्धा दिवस’ आणि तारीख, बाकी काही नको.